टांगा, २ ते ५ नोव्हेंबर १९१४ : किनाऱ्यावर फसलेल्या एका चढाईचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यातून समुद्र दिसत नाही. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं तरी यवतेश्वरचं पठार आडवं येतं, आणि त्याच्यामागं डोंगरच डोंगर. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो एखाद्या सहलीत, गणपतीपुळ्याला, एकदाच. तरीही एनडीए आणि एसएसबीच्या, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, तयारीला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी किनाऱ्याचं एक प्रकरण सोडवायला देतोच, आणि ते टांग्याचं असतं.

टांगा हे पूर्व आफ्रिकेतलं बंदर, आजच्या टांझानियात. १९१४ साली ते जर्मनांच्या ताब्यात होतं. मुंबईहून गेलेली सुमारे ८,००० माणसांची फौज तिथं उतरली आणि जेमतेम हजारभर माणसांकडून मार खाऊन तिसऱ्या दिवशी जहाजात परत चढली. पराभवाचं खापर मोठ्या प्रमाणात हिंदी पलटणींवर फोडलं गेलं. माझी मुलं कोरेगाव, खटाव, माण, जावळीतली. इथं घरटी एखादा फौजी असतो, अपशिंगे गावाच्या नावाला तर लोक ‘मिलिटरी’ जोडूनच बोलतात. ‘जवान पळाले’ हे वाक्य या मुलांनी पुढं अधिकारी म्हणून कधी लिहायचंच झालं, तर लिहिण्याआधी त्यांनी दहा वेळा थांबावं असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण.

एसएसबीच्या तीन चाचणी-अधिकाऱ्यांपैकी जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारे अधिकारी, जी सामूहिक नियोजनाची चाचणी घेतात, तिला मुलं ‘जीपीई’ म्हणतात. त्यात जमिनीचा छोटा नमुना समोर असतो. तसाच नमुना आम्ही अंगणात करतो. आठ बाय सहा फुटांची विटांची चौकट, तिच्यात वाळू. हे काम आमच्याकडे येणारे एक निवृत्त सुभेदार करतात. आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुणालाही लोक ‘मेजर’ म्हणतात, तसे तेही सगळ्यांचे मेजर. हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा म्हणजे झाडी. चुन्याची फक्की म्हणजे रस्ता. काळा लोकरीचा धागा म्हणजे रेल्वे. निळ्या कागदावर चौदा काड्यापेट्या, ही फौज वाहणारी जहाजं. बंदराच्या पूर्वेला समुद्रात घुसलेलं एक टोक आहे, रास कासोने. ते वाळू ओली करून उंच करायचं, आणि त्याच्या कडेला हिरवा भुसा जरा दाट दाबायचा, कारण तिथं कोकणातल्या खाजणात असतात तशी तिवरं होती.

मेजर धागा अंथरताना एक गोष्ट मुद्दाम करतात. तो चौकटीच्या आतच संपवत नाहीत, बाहेर काढून अंगणातून पार दारापर्यंत नेतात. ‘ही गाडी कुठं जाते?’ असं एखाद्यानं विचारेपर्यंत मी काही बोलत नाही. काही तुकड्यांमध्ये हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारत नाही.

दिलेली परिस्थिती

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. हिंदी महासागरात जर्मन युद्धनौका फिरत होत्या. ‘क्योनिग्सबर्ग’ या क्रूझरनं २० सप्टेंबरला झांझिबारच्या बंदरात ‘पेगासस’ ही ब्रिटिश नौका बुडवली. जर्मन पूर्व आफ्रिकेची बंदरं हातात आली तर अशा नौकांना आसरा उरणार नाही, असा हिशेब होता. त्यासाठी हिंदुस्थानातून जी फौज निघाली तिचं नाव इंडियन एक्स्पेडिशनरी फोर्स ‘बी’, आणि सेनापती मेजर जनरल आर्थर एटकेन.

मुलांना मी फौजेची यादी देतो आणि ती नीट वाचायला लावतो. एक गोरी पलटण, लॉयल नॉर्थ लँकशायर. मुंबई फौजेतली जुनी १०१ ग्रेनेडियर्स. मद्रासकडची ६३ पालमकोट्टा लाइट इन्फंट्री. हैदराबाद कंटिंजंटमधून आलेली ९८ इन्फंट्री. १३ राजपूत. काश्मीर आणि ग्वाल्हेर या संस्थानांच्या रायफल्स. ६१ पायोनियर्स. डोंगरी तोफांची एक बॅटरी. यातल्या बऱ्याच पलटणी एकमेकींबरोबर कधी सराव न केलेल्या, सेनापती त्यांना नवा आणि त्या सेनापतीला नव्या. काही पलटणींच्या हातात नव्या बनावटीच्या रायफली निघायच्या सुमारासच पडल्या होत्या. किनाऱ्यावर उतरायचा सराव कुणाचाच नव्हता. 

१६ ऑक्टोबरला काफिला मुंबईहून निघाला. सतरा दिवस समुद्रात. गावाकडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा बोट लागते तेव्हा काय होतं हे ज्यानं रेवसच्या लाँचमध्येही अनुभवलंय त्याला इथं जास्त सांगायला नको. काफिला मोंबासाजवळ आला तेव्हा माणसांना दोन-चार दिवस जमिनीवर उतरू द्यावं, पाय मोकळे करू द्यावेत, ही सोय शक्य होती. ती केली गेली नाही. स्थानिक किंग्ज आफ्रिकन रायफल्समधल्या ज्या अधिकाऱ्यांना तिथली झाडी आणि जर्मनांचे आफ्रिकी शिपाई, म्हणजे ‘अस्करी’, माहीत होते, त्यांचाही उपयोग करून घेतला गेला नाही.

समोरच्या बाजूला लेफ्टनंट कर्नल पाउल फॉन लेटो-फोर्बेक. त्याची बहुतेक माणसं किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीच्या आसपास. टांग्यात एखादी कंपनी. किनाऱ्यावर मोठी तोफ नाही, बंदरात सुरुंग नाहीत. पण टांग्याहून मोशीपर्यंत उसांबारा रेल्वे, सुमारे साडेतीनशे किलोमीटर.

इथवर वाचून झालं की मी मुलांना एक कोरा कागद देतो. पुढं काय झालं ते दोन ओळींत सांगतो, फौज हरली, एवढंच. मग म्हणतो, पराभवाचं कारण एका ओळीत लिहा, घडी घाला, माझ्याकडे द्या. मागच्या तुकडीत बावीस मुलं होती. पंधरा जणांनी ‘सैन्याचा धीर सुटला’ किंवा तशाच अर्थाचं काही लिहिलं. माण तालुक्यातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘जवान थकलेले आणि घाबरलेले होते.’

२ नोव्हेंबरची सकाळ

काफिला समुद्रात मागं ठेवून ‘फॉक्स’ ही युद्धनौका एकटी टांग्याच्या बंदरात गेली. कप्तान कॉलफील्ड. युद्धाच्या सुरुवातीला या बंदरांबाबत ब्रिटिश नौदलाचे स्थानिक अधिकारी आणि जर्मन यांच्यात एक तह झाला होता, इथं लढायचं नाही असा. लंडननं तो मानला नव्हता. पण तो मोडल्याचं शत्रूला रीतसर कळवणं हे आपलं कर्तव्य आहे असं कप्तानाला वाटलं. त्यानं जिल्हा अधिकारी आउराखर याला बोटीवर बोलावून घेतलं, शरण या म्हणून सांगितलं, तासाभराची मुदत दिली. आणि विचारलं, बंदरात सुरुंग पेरलेत का?

आउराखरनं हो म्हणून सांगितलं. सुरुंग नव्हतेच. मग तो किनाऱ्यावर गेला, मोशीला खबर पाठवली आणि स्वतः गणवेश चढवून आपल्या शिपायांत दाखल झाला.

हा प्रसंग मी मुलांकडून वठवून घेतो, एक जण कप्तान, एक आउराखर. कप्तान झालेला मुलगा प्रत्येक वेळी सुरुंगाच्या प्रश्नाशी अडखळतो. शत्रूला विचारायचा प्रश्न हा नव्हे, हे त्याला तोंडातून शब्द निघता निघता कळतं.

तो उरलेला दिवस सुरुंग शोधण्यात गेला. नसलेले सुरुंग. शिवाय फौज थेट बंदराच्या धक्क्यावर न उतरवता शहरापासून तीनेक किलोमीटर पूर्वेला, रास कासोनेच्या टोकाजवळ उतरवायची ठरली. तिथून शहर दिसत नाही. शहरातून तिथं काय चाललंय ते मात्र आवाजावरून कळतं.

धाग्याचं दुसरं टोक दारापाशी का आहे, हे इथं मुलांच्या लक्षात येतं. मी विचारतो, साताऱ्याहून रेल्वेनं मुंबईला जायचं तर किती अंतर? जवळपास तेवढंच, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. त्या काळची अरुंद रुळांची गाडी ताशी वीस-पंचवीसनं गेली तरी चौदा ते अठरा तास. फळ्यावर मुलं आकडे मांडतात. २ तारखेच्या सकाळी खबर गेली. खरा हल्ला झाला ४ तारखेच्या दुपारी. पन्नास तासांहून जास्त. तेवढ्यात ती गाडी किती खेपा करील?

फळ्यावरचं उत्तर आल्यावर अंगणात शांतता होते. ती शांतता मला हवी असते.

३ नोव्हेंबर

२ तारखेच्या रात्री पहिल्यांदा उतरले ते १३ राजपूत आणि ६१ पायोनियर्स. पायोनियर म्हणजे रस्ते करणारी, खंदक खणणारी पलटण. लढणारीही असते, पण अनोळखी किनाऱ्यावर अंधारात पहिलं पाऊल टाकायला तिला पुढं करणं हा निर्णय मला आजही कळत नाही. बोटी उथळ पाण्यात अडकत होत्या, माणसं पाण्यातून चालत, प्रवाळाच्या धारदार दगडांवरून, तिवरांच्या मुळांतून वर येत होती. पहाटे ब्रिगेडियर टाय यांनी एवढ्याच माणसांना घेऊन शहराकडे कूच केलं.

शहराच्या पूर्वेला रेल्वेसाठी जमीन खोदून केलेला एक चर होता. मेजर तो नमुन्यात बोटानं ओढतात, तर्जनीच्या एका पेराइतका खोल. त्याच्या पलीकडच्या काठावर जर्मन कंपनी बसली होती, आणि मोशीहून आलेली पहिली कुमक थेट गाडीतून उतरून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. राजपूत आणि पायोनियर्स उघड्यावर सापडले. सुमारे तीनशे माणसं पडली किंवा जखमी झाली, बाकीची किनाऱ्याकडे मागं आली.

मग घडलं ते या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात विलक्षण आहे. त्या दुपारी जर्मनांनीही शहर सोडलं. एवढ्या जहाजांपुढं टांगा राखता येणार नाही असं वाटून ते पश्चिमेला कांगे स्थानकाकडे सरकले. ३ तारखेच्या रात्री टांगा जवळपास मोकळं होतं. तीन किलोमीटरवर हजारो माणसं उतरत होती, आणि शहरात कोण आहे हे बघायला एक टेहळणी तुकडी गेली नाही.

गेला तो लेटो-फोर्बेक. तो रात्री गाडीनं पोचला आणि पहाटेच्या अंधारात सायकलवरून शहरातून फिरत बंदरापर्यंत गेला. जहाजांवर दिवे लखलखत होते, गलबला चालू होता. एवढा वेळ आपल्याकडे अजून आहे हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

मी मुलांना सांगतो, नकाशावर सेनापतीच्या खुणेचं चिन्ह कुठं ठेवायचं ते ठरवा. एटकेनचं चिन्ह बहुतेक वेळ काड्यापेटीवर. लेटोचं सायकलवर.

४ नोव्हेंबर

दुपारी फौज निघाली. उन्हाची वेळ, रबराची आणि नारळाची लागवड, मध्येच माणसापेक्षा उंच वाढलेलं रान. शेजारची कंपनी दिसत नाही. डोंगरी तोफा किनाऱ्यावर उतरवल्याच नव्हत्या, त्या जहाजाच्या डेकवरूनच मारा करणार होत्या. ‘फॉक्स’च्या तोफांनाही आपली माणसं कुठं आहेत ते दिसत नव्हतं. म्हणजे आठ हजारांची फौज, पण हाताशी तोफ नाही.

तरी उजवीकडून नॉर्थ लँकशायर आणि काश्मीर रायफल्स शहरात घुसले. काश्मीर रायफल्सचे गुरखे गल्लीतून गल्लीत लढत पुढं गेले, ‘डॉइचर कैसर’ हॉटेलपर्यंत पोचले. हे मी आवर्जून सांगतो, कारण ‘हिंदी पलटणी पळाल्या’ या वाक्यात काश्मीर रायफल्स कुठं बसवायच्या ते ज्यानं वाक्य लिहिलं त्यानं सांगावं.

डावीकडे १०१ ग्रेनेडियर्स. तिथं जर्मनांच्या मशीनगन होत्या, आणि लेटोनं त्याच बाजूवर वळसा घालून उलटा घाव घालायला राखीव कंपन्या ठेवल्या होत्या. ग्रेनेडियर्स त्या माऱ्यात सापडले. ते मागं वळले नाहीत. जिथं होते तिथं पडले, त्यांचे अधिकारीही त्यांच्याबरोबर. मेजर इथं दरवेळी आपली टोपी काढून विटेवर ठेवतात. याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही.

मधल्या भागात ६३ पालमकोट्टा मोडली. हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. ती पलटण माऱ्याखाली विस्कटली आणि किनाऱ्याकडे धावली.

मग मधमाश्या. झाडांना आग्या मोहोळासारखी पोळी होती. गोळ्यांनी ती फुटली आणि माश्या ९८ इन्फंट्रीवर तुटून पडल्या. त्या जर्मनांनीच सोडल्या अशी अफवा नंतर बराच काळ फिरली, पण त्यांनी जर्मनांच्या मशीनगन चालवणाऱ्यांनाही सोडलं नाही. ज्या मुलांनी महाबळेश्वरजवळचं मांघर, मधाचं गाव, पाहिलंय ती या गोष्टीवर रेंगाळतात. आग्या मोहोळ उठलं की बैलगाडी सोडून माणूस पळतो, तिथं कवायत कुठली टिकणार, असं मेजर म्हणतात. पण मी मुलांना तिथं फार वेळ थांबू देत नाही. मधमाश्यांमुळे लढाई हरली असं सांगणं सोपं आहे आणि लक्षात राहतं, म्हणूनच ते घातक आहे.

संध्याकाळी एटकेननं माघारीचा हुकूम दिला. तिकडे जर्मनांच्याही एका बिगुलाचा अर्थ चुकीचा घेतला गेला आणि त्यांच्या कंपन्याही शहर सोडून मागच्या तळावर गेल्या. त्या रात्री टांगा पुन्हा मोकळं होतं. दुसऱ्यांदा. आणि पुन्हा कुणाला पत्ता नाही.

५ तारखेला सगळे जहाजात परत चढले. निघायची घाई एवढी की किनाऱ्यावर आठ मशीनगन, साडेचारशेहून जास्त रायफली, पाच लाखांच्या घरात काडतुसं, टेलिफोनचं सामान तसंच राहिलं. ३५९ मृत, ३१० जखमी, १४८ बेपत्ता. बेरीज ८१७. जर्मन बाजूला मृत आणि जखमी मिळून दीडशेच्या आसपास. मृतांतले बहुसंख्य अस्करी होते, तेही आपल्यासारखेच दुसऱ्याच्या लढाईत लढलेले.

टांग्यात मिळालेल्या शस्त्रांनी लेटोनं आपल्या कंपन्या नव्यानं सज्ज केल्या. तो चार वर्षं लढत राहिला आणि शरण आला तो २५ नोव्हेंबर १९१८ ला, युरोपातलं युद्ध थांबून दोन आठवडे झाल्यावर.

किनाऱ्याचं रक्षण कशानं झालं

मराठी माणसाच्या मनात किनाऱ्याचं रक्षण म्हटलं की सिंधुदुर्ग, विजयदुर्ग येतात. तट, बुरूज, तोफा. म्हणून मुलं टांग्याच्या नमुन्यात किल्ला शोधतात, आणि तो सापडत नाही तेव्हा म्हणतात, मग यांनी राखलं कशानं?

गाडीनं. तारेनं. एका चराने. चार-सहा मशीनगननी. आणि सेनापतीनं जागा स्वतः पाहिल्यानं.

समुद्राकडून येणाऱ्याची ताकद सगळ्यात जास्त असते ती पाण्यात असताना, कारण कुठं उतरणार हे फक्त त्यालाच माहीत असतं. पहिला माणूस पाण्यात पाय टाकतो त्या क्षणापासून ते गुपित संपतं आणि शर्यत सुरू होते. इकडून होडीनं माणसं येतात, तिकडून गाडीनं. ज्याची माणसं लवकर जमतील त्याचा किनारा. राखणाऱ्याला सगळा किनारा राखायची गरज नसते, योग्य जागी वेळेत पोचता आलं की पुरे. तटबंदी हा त्यातला एक भाग फक्त. विजयदुर्गाचंच बघा. १७५६ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश ॲडमिरल वॉटसनच्या आरमारानं समुद्रातून तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि क्लाइव्ह जमिनीच्या बाजूला उतरून किल्ल्याच्या पाठीशी येऊन बसला. मदतीला येणारं कुणी उरलं नाही, आणि तट असूनही किल्ला गेला.

कॉलफील्डनं काय केलं? उतरण्याआधीच गुपित सांगून टाकलं, आणि शर्यतीत समोरच्याला पन्नास तासांची आघाडी दिली.

त्याच आठवड्यात, ६ नोव्हेंबरला, इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाला फाओ इथं दुसरी हिंदी फौज उतरली. ती पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड, आणि तिच्यात ११७ मराठा पलटण होती. ‘ओडिन’ या नौकेनं तुर्की तोफा गप्प केल्या, माणसं उतरली, किल्ला घेतला. महिना संपायच्या आत बसरा हातात आलं. ही ब्रिगेडही १६ ऑक्टोबरलाच मुंबईहून निघाली होती. फाओला समोरचा विरोध दुबळा होता, तोल सारखा नव्हता, हे मान्य. पण तोफा आणि उतरणी यांची वेळ जुळवली होती आणि आधी निरोप पाठवला नव्हता. जवान त्याच हिंदुस्थानचे.

किनारा आधी पाहायचा असतो, हे शिकायला जगाला आणखी बरीच वर्षं आणि बरीच माणसं लागली. १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्समधल्या दिएप इथं कॅनडाचे रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांत अडकले, पट्ट्यांत गोटे जाऊन ते थांबले. त्यानंतर ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत नॉर्मंडीच्या पुळणीवर गेले आणि तिथली वाळू नळीत भरून घेऊन आले, रणगाडे तिच्यावर चालतील की रुततील हे बघायला. हे मी सांगतो तेव्हा मेजर नमुन्यातली चिमूटभर वाळू उचलून मुलांच्या तळहातावर ठेवतात. एकेकाच्या.

मुलांचे मार्ग

मागच्या तुकडीत तीन मार्ग पुढं आले. पहिला, निरोप न देता २ तारखेच्या पहाटे थेट बंदरात घुसायचं, सुरुंगाची जोखीम घेऊन. बहुतेकांचा कौल याला. दुसरा, आधी रेल्वे तोडायची. हा माणच्या त्या मुलीचा. छोटी तुकडी रात्री दूर कुठंतरी उतरवून रूळ उखडायचे, मग मोठी फौज आणायची. मेजरनी विचारलं, ‘बाळ, तोडायला जाणार कोण, आणि त्यांना परत आणणार कोण? वाटाड्या कुठाय?’ तिनं उत्तर दिलं, किंग्ज आफ्रिकन रायफल्सची माणसं घेऊ, त्यांना मुलूख माहीत आहे. मेजरनी मान हलवली. एवढं त्यांच्याकडून फार कमी जणांना मिळतं.

तिसरा मार्ग जावळीच्या एका शांत मुलाचा. निरोप गेलाय, गुपित फुटलंय, तर उतरूच नये. मोंबासाला परत जावं, माणसांना जमिनीवर आठवडाभर राहू द्यावं, दुसरी जागा निवडावी. बाकीच्यांनी त्याला भित्रा ठरवायचा प्रयत्न केला. मला विचाराल तर तिन्हींत हा सगळ्यात धीराचा निर्णय होता. आठ हजार माणसं जहाजात भरून, सरकारचा हुकूम खिशात असताना, आज नाही असं म्हणायला लागतो तो धीर वेगळाच. एटकेनकडे तो नव्हता. पुढं त्याला सेनापतिपदावरून काढलं, हुद्दा उतरवला. पराभवाची बातमी लोकांपासून कितीतरी महिने दडवून ठेवली होती. पण तोवर जे शब्द फिरायचे ते फिरले होते, आणि शब्द पलटणींना चिकटले, सेनापतीपेक्षा जास्त.

चर्चा संपल्यावर मी घड्या घातलेले कागद परत वाटले. म्हटलं, बदलायचं असेल तर बदला, नसेल तर तसंच ठेवा.

एका मुलानं ‘धीर सुटला’ तसंच ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाला, ‘सर, काश्मीर रायफल्सही त्याच जहाजातून आल्या होत्या. त्यांचा सुटला नाही. म्हणजे ६३ पलटणीबद्दल काहीतरी म्हणावंच लागेल.’ बरोबर आहे. त्याचं म्हणणं मी खोडलं नाही. फक्त विचारलं, त्या पलटणीला नवी रायफल कधी मिळाली, जमिनीवर पाय कधी लागला, शेजारी कोण आहे हे तिला दिसत होतं का, तोफ कुठं होती, हे सगळं लिहून झाल्यावर तुझं वाक्य कितव्या ओळीवर येईल? तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. घरी घेऊन गेला.

माणच्या मुलीनं आपली जुनी ओळ खोडली होती. खाली दुसरी लिहिली होती, कारणाच्या जागी नुसती वेळ : ‘२ नोव्हेंबर, सकाळ. ‘फॉक्स’ बंदरात.’